कूलर हटवला म्हणून सांगितलं

शून्य पॉइंट सात नऊ. पडद्यावर हा आकडा दिसला तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. बायकोनं आतून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मशीन मेली वाटते." ती बाहेर येऊन पाहून गेली. पडदा तर चालू होता, म्हणून तिला माझ्या घाबरण्याचं काही कारण दिसलं नाही.

एप्रिलचा महिना होता, लग्नसराईचा. ढाणकीत बाजाराच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे, म्हणजे घराचीच पुढची खोली. कापूस-सोयाबीन मोठा भाऊ पाहतो आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांचे फोटो-व्हिडिओ माझ्याकडे असतात. लग्नाचा व्हिडिओ जोडून, गाणी टाकून शेवटची फाइल तयार व्हायला माझ्या कंप्युटरला तीन तास लागायचे. त्या दिवशी सकाळी दहाला लावलेली फाइल चार वाजले तरी अर्धी झाली नव्हती. म्हणून टास्क मॅनेजर उघडला, तर जिथं प्रोसेसरचा वेग तीन पॉइंट सहा गिगाहर्ट्झ दिसायला पाहिजे तिथं पॉइंट सात नऊ. मी पाहत असतानाच तो चढला, तीन पॉइंट चार झाला, मला हायसं वाटलं, आणि परत धाडकन खाली आला. तासभर मी तेच पाहत बसलो. वर, खाली, वर, खाली.

हा कंप्युटर मला माझ्या दोस्तानं जुळवून दिला होता. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसलेलो. त्याचं घराणं मिस्त्र्यांचं. त्याचे अब्बा शेतातल्या पंपाच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, आणि त्यांनी भरलेली मोटार परत जळत नाही असं लोक म्हणायचे. तो तेच काम शिकला, वर नांदेडला जाऊन कंप्युटरचंही शिकून आला. दुकानात एका बाजूला तारेची बंडलं, दुसऱ्या बाजूला कंप्युटरचे डबे. मोटारीला लावायच्या वार्निशच्या वासानं त्याला खोकला धरायला लागला होता. त्याला मोटारी सोडून नुसतं कंप्युटरचं काम करायचं होतं, आणि ते जमायची वेळही आली होती. गावातल्या एका शाळेच्या कंप्युटर खोलीचं सालभराचं काम त्याला द्यायचं असं जवळजवळ ठरलं होतं. शाळेचे लोक तेवढी विचारपूस करून राह्यले होते. आमच्याकडे मिस्त्रीला कोणी सर्टिफिकेट मागत नाही, टपरीवर त्याच्या गिऱ्हाइकाला विचारतात.

तर मी त्याला फोन केला आणि तो जेवण अर्ध्यावर सोडून आला.

कॅबिनेट उघडायच्या आधी त्यानं मला एक गोष्ट समजावली. "पाह्य, आकडा खाली जाते म्हनून भ्यायचं नाही. तू काही काम देत नसला तं मशीन दम खाते, आपलाच वेग कमी करते. तो बिघाड नोहे. पन काम चालू असून आकडा पडला, तं समज की आतून तापून राह्यली. जळू नये म्हनून ब्रेक मारते."

मग त्यानं झाकण काढलं. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची एक जाळी असते, तिच्यावर पंखा. जाळीच्या फटींमधून हवा जाते आणि प्रोसेसर थंड राहतो. त्या फटींमध्ये हवा तर सोडा, सुई गेली नसती. चिखल वाळावा तसा राखाडी लगदा, आणि त्याच्यावर पांढरे खवले. त्यानं नखानं एक खवला काढला, जिभेला लावला आणि थुंकला.

"खारं," तो म्हणाला. मान वळवून त्यानं माझ्या खोलीत पाहिलं आणि त्याला हसू आलं. "अबे, हे काय बनवलं?"

ते मी बनवलेलं यंत्र होतं आणि मला त्याचा अभिमान होता. आमच्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्री म्हणजे नवल नाही. उकाडा असो, डोकेदुखी असो, नाही तर रुसलेला जावई, आमच्याकडे पहिला इलाज कूलर. मग मशीनीला काहून नाही? अल्बमच्या पुठ्ठ्यांचा मी चौकोनी बोगदा केला होता, एक तोंड कूलरच्या जाळीला, दुसरं कॅबिनेटच्या पाठीला. थेट गार हवा. आल्यागेल्याला मी तो दाखवायचो.

"कूलरची हवा ओली राह्यते," दोस्त म्हणाला. "आपल्या बोअरचं पानी खारं. ओल्या हवेत धूळ चिकटते, वरून क्षार बसते. तू मशीनीले थंड नाही करून राह्यला, तिचं नाक बुजवून राह्यला. हा कूलर हटव. सुक्या पंख्याची हवा चालन, कूलरची नको. एवढंच दुखनं हाय, दुसरं काही नाही."

ब्लोअर मारून, ब्रशनं घासून त्यानं जाळी चकचकीत केली, चहा घेतला आणि गेला. मी हो-हो म्हटलं. खरं सांगतो, मला त्यातलं एक अक्षर पटलं नव्हतं. बाहेर आग पडून राह्यली, मशीन तापते म्हणतो, आणि म्हणतो गार हवा बंद कर. याला काय म्हणायचं? शिवाय त्या खोलीत कूलर ठेवायला दुसरी खिडकीच नव्हती. तो हटवायचा म्हणजे आतल्या खोलीत न्यायचा आणि मी दिवसभर पुढच्या खोलीत भाजत बसायचं. संध्याकाळपर्यंत दम काढला, मग बोगदा परत लावला.

आठवड्यानं आकडा पडला. मी चिडलो, आणि चिडलो तो त्याच्यावर. तो परत आला. त्याच्या गाडीचा आवाज गल्लीत आला तसा मी उठलो, बोगदा ओढून कपाटामागे कोंबला आणि कूलर बंद करून त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. पन्नाशीला आलेला माणूस मी, शाळेत चिंचा लपवायचो तसा पुठ्ठा लपवत होतो. बायको दारात उभी राहून पाहत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

त्यानं विचारलं, "कूलर हटवला?"

"हाव," मी म्हटलं. "हटवला. लावतच नाही आता."

एवढंसं खोटं. त्यात मला काही वाटलंसुद्धा नाही.

त्याच्या कपाळावर मात्र आठी पडली. त्यानं जाळी काढली, तिच्यावर तोच लगदा, तेच खवले, जरा पातळ. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. "मागचंच राह्यलं असन माह्याकून, नीट साफ नसन झालं," असं स्वतःशीच म्हणाला. मग त्यानं प्रोसेसर आणि जाळीच्या मधली पेस्ट बदलली, पंखा बदलला, आत जाऊन वेगाच्या सगळ्या सेटिंग तपासल्या. मला एक वही दिली. दर तासाला वेळ आणि आकडा लिहून ठेव म्हणाला. मी इमानेइतबारे लिहिलं. दहा वाजता तीन पॉइंट सहा, एक वाजता दोन पॉइंट एक, तीन वाजता पॉइंट आठ. कूलर कधी लावला ते मात्र वहीत नव्हतं, कारण तो तर मी हटवला होता ना.

तिसऱ्या खेपेला तो मशीन दुकानात घेऊन गेला. दोन दिवसांनी मला बोलावलं. त्याच्या दुकानात कूलर नाही, वर टिनाचं छत, एक जुना पंखा गरगरतो. अशा भट्टीत, जाळी साफ करून, माझी मशीन दोन दिवस सलग कामाला लावली होती आणि आकडा तीन पॉइंट चारच्या खाली उतरला नव्हता. मी तासभर घाम पुसत पाहत बसलो. एकदासुद्धा नाही पडला.

"आता बोल," तो म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता.

मला कोडंच पडलं. माझ्या गार खोलीत मशीन मरते आणि याच्या भट्टीत पळते. घरी आणली, चार दिवस चालली, पाचव्या दिवशी परत पॉइंट सात नऊ. तेव्हा माझ्या डोक्यात ते पहिल्यांदा आलं. त्या दिवसांत मी रोज मोबाइलवर कंप्युटर बिघाडाचे व्हिडिओ पाहत होतो. त्यातल्या एकानं सांगितलं होतं की जुने प्रोसेसर घासूनपुसून नवे म्हणून विकतात. मी ते परत परत पाहिलं. मग दुकानात चालायचं कारणही मीच शोधून काढलं: तिथं तो चांगला प्रोसेसर टाकत असेल आणि मला देताना जुना बसवत असेल. एकदा असं वाटलं की मग सगळंच जुळत जातं. तो जेवण सोडून काहून धावत येतो? मनात खोट आहे म्हणून. काम मोफत काहून करतो? मनात खोट आहे म्हणून. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि एका आकड्यापायी मी तिच्यात खोट पाहून राह्यलो होतो. आज लिहिताना माझ्याच अंगावर काटा येतो.

बाजाराच्या दिवशी मी टपरीवर चहा घेत होतो. शाळेच्या संस्थेतले एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी सरळ विचारलं, "तुमचा कंप्युटर तुमच्या त्या मिस्त्री दोस्तानंच बनवला ना? कसं आहे काम? आमची खोली द्यायची म्हणून राह्यलो त्याले."

त्या सकाळी माझी फाइल तिसऱ्यांदा अडकली होती. नवरीचा बाप दारात बसून गेला होता. ही काही सबब नाही, पण होतं तसं सांगतो. मी म्हटलं, "काय सांगू साहेब. दोस्त हाय माहा. पन जुना प्रोसेसर नवा म्हनून घालून देल्ला त्यानं मले."

बाकावरच्या एकानं मान हलवली, "यायचं असंच राह्यते," म्हणाला. 'यायचं', म्हणजे 'यांचं', कोणाचं ते त्याच्या तोंडाकडे पाहून मला कळलं. मी एका मिस्त्रीबद्दल बोललो होतो, मुसलमानाबद्दल नाही. हा माणूस माझं बोट धरून भलतीकडेच चालला होता. तेव्हाच तोंड उघडायला पाहिजे होतं. मी कप संपवला आणि उठलो.

ढाणकीत टपरीवरची गोष्ट संध्याकाळपर्यंत घरोघर पोचते. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो माझ्या दारात उभा. मला बोगदा काढायला जेमतेम वेळ मिळाला, कपाटामागे नीट जातही नव्हता, म्हणून मी त्याला पाठ टेकवून उभा राहिलो. तो भांडेल असं मला वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. तो बसलासुद्धा नाही.

"एक गोष्ट इमानानं सांग," तो म्हणाला. "कूलर खरंच हटवला ना?"

पुठ्ठ्याचा कोपरा माझ्या पाठीला टोचत होता. आता खरं सांगावं तर काल टपरीवर जे बोललो त्याचं काय? मी म्हटलं, "हाव. कवाचाच. किती वेळा सांगू?"

त्यानं मान हलवली, मशीनीच्या वायरी काढल्या, कॅबिनेट उचललं आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आणून दिली. "आता चालन," एवढंच बोलला. चहाला थांबला नाही.

आणि मशीन उडाली. तीन तासांची फाइल दोन तासांत. मला आनंद व्हावा की नाही? मला राग आला. कारण मला वाटलं, आता चोरी उघडी पडली. जुना प्रोसेसर होता म्हणूनच तर गुपचूप बदलून दिला. आणि मी, शहाणा, हेही टपरीवर जाऊन सांगितलं. "बदनामी झाली तवा बदलून देल्ला बरोबर," असं म्हणालो. आठवड्यानं आकडा परत वरखाली व्हायला लागला, पण मशीन आता इतकी जोरात होती की पडली तरी काम उरकायचं. म्हणून मी वही बंद केली. शाळेचं काम तालुक्याच्या कोणा माणसाला गेल्याचं कानावर आलं तेव्हा क्षणभर जिवाला लागलं. मग म्हटलं, मी काय खोटं थोडंच सांगितलं.

जूनच्या सुरुवातीला कूलरचा पंप जळाला. एरवी मी तो उचलून दोस्ताच्या दुकानात टाकला असता. आता तोंड कुठलं? पंप तसाच कोपऱ्यात पडला आणि मी ओला पंचा खांद्यावर टाकून काम करायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बायको झाडू मारता मारता थांबली.

"एक सांगू का? कूलर बंद पडला तवापासून तुमी मशीनीले शिव्या नाही देऊन राह्यले."

मी म्हटलं, "तुले काय समजते?" सवयीनं म्हटलं. पण आकडा पाहिला. तीन पॉइंट पाच. काम चालू होतं, बाहेर ऊन रखरखत होतं, खोलीत मी घामानं निथळत होतो, आणि आकडा तीन पॉइंट पाच. मी दिवसभर पाहिला. दुसऱ्या दिवशी पाहिला. मधे साध्या पंख्याची हवा मशीनीकडे वळवली, तर आणखीच स्थिर. मग जुनी वही काढली. सकाळी दहाला चांगला, दुपारी खराब, एका दिवशी मात्र दिवसभर चांगला. त्या दिवशी काय होतं? बायकोला विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी आपण चुलत्याच्या तेरवीला गेलतो, कूलर लावलाच नव्हता, मशीन तेवढी चालू होती, आकडे पुतण्यानं लिहून ठेवले.

मी कॅबिनेट स्वतः उघडलं. जाळीत तोच लगदा, आता सुकून तडकलेला, हवा जाईल एवढ्या भेगा पडलेला, त्याच्यावर तेच पांढरे खवले. एक खवला मी जिभेला लावला. खारं लागलं.

म्हणजे प्रोसेसरचा काही संबंधच नव्हता. पहिलाही चांगलाच होता. मग त्यानं बदलला काय? मी जाळी साफ केली, मशीन चालू केली आणि टास्क मॅनेजरमध्ये पहिल्यांदा त्या मोठ्या आकड्याच्या खालची बारीक अक्षरं वाचली. दोन महिने मी तो एकच आकडा पाहत आलो होतो, खाली काय लिहिलंय ते कधी वाचलंच नाही. कोअर, सहा. मी कपाटातून बिल काढलं. बिलावर त्याच्या हातानं लिहिलेलं: चार कोअर. पडद्यावर सहा. मी चष्मा पुसला. सहाच.

प्रोसेसरमधले कोअर म्हणजे आतले काम करणारे हात समजा. माझ्याकडे चार हातांचा होता, आता सहा हातांचा बसलेला होता. आणि सहाचा ढाणकीत मी एकाच जागी पाहिला होता: दोस्ताच्या स्वतःच्या मशीनीत. शिकण्यासाठी, सरावासाठी त्यानं हौसेनं घेतला होता. दोन्ही एकाच खोबणीत बसायचे. मी त्याला चोर म्हणालो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या मशीनीतून तो काढून माझ्या मशीनीत बसवला होता आणि माझा चारचा आपल्याकडे लावला होता. अन् मी गावभर काय सांगितलं? बदनामी झाली तवा बदलून देल्ला.

मी बिल घडी करून खिशात ठेवलं.

सरळ त्याच्याकडे जायची माझी छाती झाली नाही. आधी टपरीवर गेलो. म्हटलं, जिथं घाण केली तिथली आधी साफ करावी. बाकावर तीच मंडळी होती. मी उभ्यानंच सांगितलं की चूक माझी होती, कूलर माझा होता, त्याचा प्रोसेसर चांगला होता, उलट त्यानं स्वतःचा भारी मला दिला. त्यांनी ऐकून घेतलं. मग तोच मान हलवणारा म्हणाला, "असन. पन देल्ला काहून मंग? काहीतरी असल्याशिवाय कोनी आपला माल देते का?" दोघं हसले. एकानं मला चहा देऊ केला. गोष्ट मी सुरू केली होती, पण आता ती माझी राहिलीच नव्हती, माझ्याच तोंडानं मागे घेतली तरी कोणी ती परत द्यायला तयार नव्हतं. शाळेच्या गृहस्थांनाही फोन लावला. ते सभ्यपणे म्हणाले की सालभराचं सगळं ठरून गेलं आता.

मग दुकानात गेलो. आत पाऊल टाकलं आणि वार्निशचा वास नाकात भरला. कंप्युटरच्या बाजूच्या फळीवर आता जळालेल्या मोटारी मांडलेल्या होत्या. त्याची स्वतःची मशीन कोपऱ्यात फडक्याखाली होती, फडक्यावर धूळ. तो खाली मांडी घालून मोटारीत तार भरत होता आणि मधून मधून खोकत होता. मला पाहून त्यानं शेजारचं स्टूल सरकवलं. महिनाभरात पहिल्यांदा समोर आलो होतो, पण त्यानं स्टूल सरकवलं.

मी म्हटलं, "माह्या मशीनीत तुहा प्रोसेसर हाय."

"हाव," तो म्हणाला. हात चालूच होता.

"काहून देल्ला?"

तो तारेचे वेढे मोजत होता, ते मोजून झाल्यावर बोलला. "तू म्हनला कूलर हटवला. मी पेस्ट बदलली, पंखा बदलला, साऱ्या सेटिंगा पाह्यल्या. मंग राह्यलं काय? मले तर डोयानं दिसे की हे ओल्या हवेचंच काम हाय, जाळीवर दर खेपेले तेच. पन तू इमानानं हाव म्हनला. तू कायले खोटं बोलशीन? मंग माह्याच डोयात खोट असन. मालच खराब आला असन माह्या हातून. तुहं काम अडून राह्यलं होतं, म्हनून माहा काढून देल्ला."

मला वाटलं होतं तो मला दोन शिव्या देईल. त्याऐवजी हे. माझ्या एका शब्दासमोर त्यानं स्वतःचे डोळे खोटे ठरवले होते. मला रडू फुटलं, आणि मी लपवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. बोगदा, कपाट, गल्लीत गाडीचा आवाज आला की मी काय करायचो ते, त्या शेवटच्या दिवशी पाठीला टोचणारा पुठ्ठा. एकही दिवस कूलर हटवला नव्हता, म्हणालो.

त्याचा हात थांबला.

तो आता ओरडेल, आता उठेल, म्हणून मी मान खाली घालून बसलो. मग त्यानं विचारलं ते इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"म्हंजे पहिल्या दिवशी मले बरोबर समजलं होतं?"

"हाव."

"जाळी पाह्यल्या पाह्यल्या?"

"हाव. तवाच. तू सांगितलं तेच दुखनं होतं."

त्यानं मागच्या दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. दुकानाच्या मागंच त्यांचं घर आहे. भाभी कणकेचे हात घेऊन आल्या, मला पाहून दारातच थबकल्या. तो म्हणाला, "आता मले जे सांगितलं ते हिले सांग." म्हणून मी परत सांगितलं, पहिल्यापासून, त्यांच्या तोंडाकडे न पाहता. भाभींनी मधे एकदाच तोंड उघडलं. म्हणाल्या, या महिनाभरात दोन-तीन जण मशीन घेऊन आलते, यायनं हात नाही लावला, परत पाठवले. म्हने, मले आता समजत नाही.

मी सांगून संपवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पन काहून भाई? काहून नाही हटवला?"

मला उकडलं असतं म्हणून. मी केलेला बोगदा मला लई आवडला होता म्हणून. याच्याहून मोठं एकही कारण नव्हतं, आणि तेवढं बोलायला माझं तोंड उघडेना. पण माझ्या उत्तराची दोस्त वाट पाहतच नव्हता. त्यानं तारेचं बंडल बाजूला ठेवलं होतं. वार्निश लागलेले आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून तो त्यांच्याकडे पाहत होता.

"पहिल्याच दिवशी," तो भाभींना म्हणाला. "ऐकलं ना तू? पहिल्याच दिवशी समजलं होतं मले."